विषय: आबांचं विमानतळ गायब

आबा, राजेंद्रनगर, इंदूर

मंडळींना नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या धाग्यात हे घुसवतोय. वहिनी रागावतील, पण परदेशी गेलेले संगणकवाले सगळे याच यादीवर सापडतात.

एफएस २००४, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा खेळ, त्यात मी आपलं इंदूरचं विमानतळ नव्यानं मांडतोय. खेळ आला २००३ साली, आपली नवी टर्मिनल इमारत सुरू झाली २०१२ साली. खेळात ती असणार कुठून? जुन्या विंडोज एक्सपीवर निम्मं काम झालं होतं. दिवाळीत तो संगणक बसला. नातवानं लॅपटॉप आणला, विंडोज ११ वाला, आणि सगळं त्यावर चढवून दिलं. तेव्हापासून दोन तऱ्हा.

एएफकॅडमध्ये, म्हणजे खेळातली विमानतळं आखायच्या प्रोग्राममध्ये, विमानांच्या पार्किंगच्या जागा आखतो, सेव्ह करतो, बंद करून पुन्हा उघडतो. सगळं जागच्या जागी. खेळ सुरू केला की एकही जागा नाही. फोल्डर उघडून पाहिला तर फाइलच नाही! मग एएफकॅडला ती दिसते कुठून? भुताटकीच म्हणायची.

दुसरं, इमारती मांडायचा जुना प्रोग्राम. कंपाइल म्हटलं की काळी खिडकी उघडते न उघडते तोच मिटते. बीजीएल फाइल, जिच्यातून खेळ इमारती उचलतो, ती काही तयार होत नाही.

कंपॅटिबिलिटी मोडमध्ये एक्सपी निवडून झालं. ढिम्म.

भाचा, फ्रँकफुर्ट

आबा, नमस्कार. भाचा म्हणजे सगळ्या राजेंद्रनगरचाच, तेव्हा हक्कानं विचारतो.

खेळ 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच चढवलाय ना? आणि खेळाच्या आयकॉनवर 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' अशी टिक आहे, पण एएफकॅडवर नाही, बरोबर?

तसं असेल तर भूत सापडलं. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रामला 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहू देत नाही. पण जुन्या प्रोग्रामला तोंडावर नाही म्हटलं तर तो कोसळतो, म्हणून गुपचूप त्याची फाइल तुमच्या खात्यातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात ठेवली जाते, आणि त्या प्रोग्रामला भासवलं जातं की फाइल मूळ जागीच आहे. जो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतो त्याला हा पडदा नसतो. त्याला खरा फोल्डर दिसतो, रिकामा. एएफकॅडचा यात काही दोष नाही. तो आला तेव्हा ही भानगडच नव्हती.

ॲपडेटा, मग लोकल, मग व्हर्च्युअलस्टोअर, असं आत जाऊन बघा. ॲपडेटा लपवलेला असतो. तुमची सगळी पार्किंगं तिथं मिळतील. ती आधी बाजूला काढून ठेवा. मग खेळ काढून सी ड्राइव्हवर थेट 'एफएस९' नावाच्या फोल्डरात नव्यानं चढवा. नुसता फोल्डर उचलून हलवू नका. ही जुनी अवजारं खेळाचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, शोधतात, आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटवाल्यांसाठी तिथंही वेगळी खोली आहे, वाओ६४३२नोड नावाची. हातानं बदलायला गेलात तर चुकीच्या खोलीत लिहाल.

काळ्या खिडकीचं निदान असं होणार नाही. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि कंपायलर त्यातून चालवा, म्हणजे खिडकी मिटणार नाही. काय लिहून येतंय ते जसंच्या तसं कळवा.

वहिनी, लोकमान्यनगर, इंदूर

रागावले नाही. पण विषय बदलून लिहा हो, वर्गणीचा हिशेब यातून शोधायचा कसा? आबा, तुमचीही बाकी आहे.

आबा

विषय बदललाय. वर्गणी रविवारी आणून देतो.

पार्किंगं सापडली! अगदी सांगितलंस तिथं, चौदाच्या चौदा. खेळ सी ड्राइव्हवर नव्यानं चढवला, फाइल तिथं टाकली आणि विमानं रांगेत उभी राहिली.

काळ्या खिडकीत मात्र विचित्र दिसतंय. फाइल उघडता आली नाही म्हणते, आणि जो पत्ता दाखवते त्यात 'युजर्स'च्या पुढं तीन प्रश्नचिन्हं. तिथं माझं नाव हवं. नातवानं कौतुकानं खातं देवनागरीत काढलंय, 'आबा' म्हणून. पण आबा दोन अक्षरी आणि प्रश्नचिन्हं तीन कशी?

भाचा

आ, ब आणि काना. संगणकाच्या लेखी काना वेगळा मोजला जातो.

तुमचा प्रोग्राम युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या वळणाचा आहे. त्याला एका कोडपेजमधली, म्हणजे एका ठरावीक छोट्या अक्षरतक्त्यातली, अक्षरं कळतात. बाकीच्यांच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. कच्च्या फाइली तो टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो आणि टेम्प तुमच्या नावाच्या फोल्डरात आहे. तिथंच गाडी अडते. युरोपातल्या किंवा रशियन नावांना 'नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा' बदलून चालून जातं. देवनागरीला विंडोजनं असं जुनं कोडपेज कधी दिलंच नाही, त्यामुळे ती वाट बंद.

सी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत 'टेम्प' फोल्डर काढा आणि विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स या सेटिंगमध्ये टेम्प आणि टीएमपी या दोन्ही नोंदी तिकडं वळवा. कायमचा उपाय हवा तर नवं खातं रोमन नावानं काढा. जुन्या खात्याचं नुसतं दिसायचं नाव बदलून फोल्डर बदलत नाही.

माझी फजिती तर तुमच्याहून मोठी. इथल्या जर्मन विंडोजमध्ये दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. मी इंदूर मांडलं, अक्षांश २२.७२, रेखांश ७५.८०. प्रोग्रामनं स्वल्पविरामापुढचं छाटून टाकलं आणि उरले नुसते २२ आणि ७५. उड्डाण करून बघतो तर आपलं विमानतळ पार निमाडात, बडवानीजवळ! रिजन सेटिंगमध्ये दशांशचिन्ह टिंब केलं तेव्हा ते बिजासनच्या टेकडीपाशी परत आलं. त्याआधी दोन रविवार मी कंपायलरला शिव्या घालत होतो.

आबा

झालं रे! टेम्प वळवला आणि पहिल्याच फटक्यात बीजीएल तयार. टर्मिनल उभी आहे, फक्त धावपट्टीकडं पाठ करून. तो घोळ माझाच, १८० अंशांचा.

तरी नवं खातंही काढलं. आधी रोमन नावानं काढलं, फोल्डर तयार होऊ दिला आणि मग दिसायचं नाव देवनागरीत केलं. तू म्हणालास ना, दिसायचं नाव बदललं तरी फोल्डर बदलत नाही? म्हटलं, तेच उलटं वापरू. लॅपटॉप उघडला की अजूनही 'आबा'च येतं. नातवाला यातलं काही बोललो नाही.

आता एकच अडलंय. त्या प्रोग्रामची मदतीची फाइल, एचएलपी वाली, उघडत नाही.

भाचा

ती विंडोज ११ वर नाहीच उघडणार, तो वाचकच विंडोजमधून गेला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक्सपी चढवून तिथं वाचा. जुन्या संगणकाची एक्सपीची सीडी आहे का घरात?

आबा

आहे. सापडायला हवी.