गार मासा ‘उत्क्रांती थांबलेला’? कुणी सांगितलं?

खानापूरचा_मास्तर: काल आपल्या ग्रुपवर पोस्ट फिरली: ‘बिचिर, स्टर्जन, गार (अमेरिकेतला लांब जबड्याचा मासा), बोफिन हे उत्क्रांती थांबलेले मासे. होलोस्टी गट (गार आणि बोफिनला एकत्र ठेवणारा) तर कधीच मोडीत निघाला.’ बारावीची पोरं हेच पेपरात लिहितील, म्हणून उत्तर देतोय. 2010 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लान्स ग्रँड यांनी गारच्या सांगाड्याचं हाड न् हाड तपासून गार आणि बोफिन एकाच गटातले असल्याचं दाखवलं. जनुकांनीही तेच सांगितलं. होलोस्टी परत उभा राहिलाय! बिचिरचे मांसल पर बघून ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सलींनी 1861 मध्ये त्याला मांसल पराच्या माशांच्या भलत्याच घरात बसवलं होतं. आज तो किरणपरी माशांतली (परांना बारीक काड्यांचा आधार असलेल्या माशांतली) सगळ्यांत आधी फुटलेली जिवंत फांदी मानला जातो.

निपाणीकर: पोस्ट माझीच. गारच्या जनुकांतल्या बदलाचा वेग जबडेवाल्या प्राण्यांत सर्वांत मंद आहे, हे 2024 चं संशोधन वाचलंत का सर? 10 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या गारांचा आजही संकर होतो, पिल्लांनाही पिल्लं होतात. टेलिऑस्टांच्या (आजच्या बहुतेक माशांचा गट) जाती 30 हजारांच्या घरात, गारच्या फक्त 7. थांबलाच की तो.

हिडकल_काठ: काय भांडालाय तुम्ही! घटप्रभेत यातला एक तरी मासा हाय का? बाबांच्या जाळ्यात मरळ, वाम यायची. आता नुसती चिलापी (तिलापिया). आणि टाकीतला मासा मोठा झाला की धरणात सोडणारे शिकलेलेच. 2023 ला काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. इथं यायला किती वेळ?

टिळकवाडी_टाकी: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझा बिचिर टाकीतच म्हातारा होणार. चिलापी 1952 मध्ये देशात आणली ती खाण्यासाठी, आमच्या छंदासाठी नव्हे.

हिडकल_काठ: आणली कुणी का असेना, जाळं आमचंच रिकामं. तुम्हाला छंद, आम्हाला पोट.

टिळकवाडी_टाकी: मग चिलापीचं खापर माझ्यावर कशाला फोडताय? माझ्या ओळखीच्या एकानं मोठे झालेले मासे तलावात सोडले, त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलंय.

खानापूरचा_मास्तर: दादांचा राग रास्त आहे, पण मूळ मुद्दा सोडू नका. निपाणीकर, मंद चालणारा थांबलेला नसतो. टेलिऑस्टांच्या पूर्वजात अख्खा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, दुप्पट झाला. गारची फांदी त्याआधीच फुटली होती, त्यामुळे तिचा जीनोम तसा दुप्पट झाला नाही. म्हणून तर 2016 मध्ये वाचलेला गारचा जीनोम झेब्राफिश (प्रयोगशाळेत वापरतात तो टेलिऑस्ट मासा) आणि माणूस यांची जनुकं जुळवून बघायला कामी येतो. आणि गार परका कसला? चंद्रपूरच्या डोंगरगावला, दख्खनच्या लाव्हाच्या काळातल्या गाळात त्याचे अवशेष सापडलेत. तो इथून नाहीसा झाला, अमेरिकेत टिकला.

निपाणीकर: होलोस्टीचं वाक्य काढतो. बाकी पोस्ट राहणार. 7 आणि 30 हजार यांतला फरक तुम्ही अजून सांगितलेला नाही.

हिडकल_काठ: ठेवा की. पण टाकीतला मासा धरणात सोडू नका, हे त्यात पहिल्या ओळीत घाला.