अकोन्काग्वा : नुसतं चालणंच तर आहे?

"अकोन्काग्वाला दोर लागत नाही, कडा नाही, मग अवघड काय, नुसतं चालणंच तर आहे" हे अर्जेंटिनातल्या या शिखराबद्दल वाचून हसू आलं. नॉर्मल रूटला, म्हणजे नेहमीच्या वाटेला, टेक्निकल काही नाही हे खरंच, पण उंची ६९६१ मीटर आहे हो! माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे बुटाची लेस बांधायला वाकलं तरी धाप लागते.

आणि तो शेवटचा कनालेटा, म्हणजे सुट्या दगडगोट्यांची घळ, तिथे पाऊल टाकायचं, अर्धं खाली घसरायचं, थांबून तीन-चार श्वास घ्यायचे, मग पुढचं पाऊल, असं तासन् तास चालतं आणि तोवर पहाटेपासून पाय ओढून जीव मेटाकुटीला आलेला असतो. तिथे क्लायंबिंगचं स्किल काय कामाचं?

उलट जिममध्ये तयार झालेले दणकट लोकच जास्त फसतात, कारण ते सुरुवातीला पळतात. सामान वर पोचवून झोपायला परत खाली यायचं, हे त्यांना वेळ घालवणं वाटतं, पण शरीराला त्या विरळ हवेची सवय होते ती तशीच. प्लाझा दे मुलासला, म्हणजे साधारण ४३०० मीटरवरच्या बेस कॅम्पला, डॉक्टर ऑक्सिजन आणि बीपी तपासतात, तिथे आकडे लपवायच्या भानगडीत पडू नका.

बाकी, पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे झाकण गोठत नाही. आणि वाऱ्यासाठी दोन-तीन दिवस जादा ठेवाच, तिथला वारा लई वाईट.