कोसंबींचं संशोधन फलकावर कसं दाखवायचं?

फोंडेकर_७
२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनापासून दहा दिवस, फोंड्यात ३० बाय २० फुटांच्या हॉलमध्ये गोव्याशी नातं असलेल्या शास्त्रज्ञांचं प्रदर्शन आहे. गणितज्ञ दा. ध. कोसंबी, रसायन अभियंते रघुनाथ माशेलकर, शिवाय दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचं काम. फोटो, जन्म, पदव्या, पुरस्कार असे २४ फलक ठरलेत. हे कोण वाचणार? मजकूर मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्हींत हवाय.

तराजू
२४ फलक म्हणजे भिंतीला डकवलेलं पुस्तक. पदव्या एका ओळीत उरका आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न घ्या.

कोसंबींचा तर हातात देता येतो. नाणं हातोहात फिरून झिजतं. एकाच प्रकारची पुष्कळ नाणी तोलली, तर जास्त वापरलेल्या नाण्यांची सरासरी घटते आणि वजनांतली तफावत वाढते. याच हिशोबाने ते आहत, म्हणजे ठसे ठोकलेल्या प्राचीन नाण्यांचा कालक्रम लावायला गेले.

५ रुपयांची जुनी जाड, तांबे-निकेलची नाणी जमवा (मूळ वजन ९ ग्रॅम). १९९२-९४ची ४० आणि २००१-०३ची ४०, वेगळ्या डब्यांत. काटा १ मिलिग्रॅम दाखवणारा घ्या, ०.१ ग्रॅमवाला किराणा काटा हा फरक गिळून टाकतो. पंखा बंद, काट्यावर झाकण, नाहीतर आकडा नाचत राहतो. नाणी कोरड्या फडक्याने पुसा. पॉलिश लावलंत की धातूच निघतो, मग झीज कसली मोजणार? प्रत्येकाने एक नाणं तोलावं आणि मागच्या आलेखावर एक टिकली चिकटवावी, डब्याप्रमाणे रंग वेगळा. रकाने ०.०२ ग्रॅमचे.

टांकसाळीतूनच नाणी थोडी कमीजास्त निघतात, म्हणून पाचदहा टिकल्यांत काहीच दिसणार नाही. दोन ढीग वेगळे झालेच नाहीत तरी आलेख तसाच ठेवा, खोटा सुबक करू नका.

दोनापावल_कडला
समुद्राच्या कामासाठी बहुधातुक गाठी, म्हणजे खोल समुद्रतळावरचे अनेक धातूंचे गोळे, मागा. १९८१ मध्ये 'गवेषणी' या संशोधन जहाजावरून भारताने पहिला नमुना काढला होता. बटाट्याएवढी काळी गाठ, वाढ दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. मधोमध कापलेली मिळाली तर उत्तम, आतली वलयं दिसतात. वाळलेली गाठ ठिसूळ असते, हातात दिलीत तर संध्याकाळपर्यंत भुगा. अॅक्रिलिकच्या डबीत ठेवा, वर भिंग. हाताळायला प्लॅस्टरचा साचा चालेल. नमुना उसना घेताना देतेवेळचा फोटो आणि तडे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

खिळाहातोडा_म्हापसा
छपाईचं मी सांगतो. फाइल छापखान्यात गेली की 'क्ष' नि 'र्‍य' फुटतात, कारण तिथे फॉन्ट नसतो. अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरं चित्रासारख्या रेषांत बदलून) पीडीएफ द्या आणि एका फलकाचा कागदी नमुना आधी वाचा. मजकूर किमान २८ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर बसतात. एका भाषेत ६० शब्दांच्या वर जाऊ नका. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर, मुलांच्या टेबलाची उंची ७० सेंमी. ५ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा फलक) चालेल, पण नुसत्या दुहेरी टेपवर नको. सकाळच्या दमटाने कोपरे सुटतात. वरून दोन कड्या अडकवा.

फोंडेकर_७
शास्त्रज्ञांच्या मूळ हस्ताक्षरातले कागद मिळतायत. ठेवू?

तराजू
स्कॅन छापून लावा. मूळ ठेवायचेच असतील तर उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत, खिडकीपासून लांब, आणि रात्री खोकं कुलपात.