संगिनीची कडी काढली की कार्बाइन 'शुद्ध' होते का?

गंजका खिळा:
काल 'तेलडबी' यांनी लिहिलं की दुसऱ्या महायुद्धानंतर आर्सेनलमधून, म्हणजे सरकारी शस्त्रागारातून, दुरुस्त होऊन आलेली एम-1 कार्बाइन (अमेरिकी सैन्याची हलकी, आखूड रायफल) म्हणजे खिचडी. खऱ्या संग्राहकाने तिचे भाग बदलून ती 1943 सारखी 'शुद्ध' करून घ्यावी. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हे.

अहो, शुद्ध होती कधी ती? दहा कंत्राटदार, 60 लाखांवर नग. त्यात टाइपरायटरवाले अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाले रॉक-ओला, हिशेबाची यंत्रं करणारे आयबीएम. ज्याच्याकडे भाग जास्त झाले, त्याचे उचलून कमी पडणाऱ्याला द्यायचे, असाच सरकारी कारभार होता. क्वालिटी हार्डवेअर ही त्यातलीच एक कंपनी, ती स्वतः नळ्या करतच नव्हती. त्यांच्या रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणेच्या सांगाड्यावर, रॉक-ओलाची नळी कारखान्यातूनच चढून यायची. खिचडी जन्मजात आहे!

पुढे दुरुस्तीत नेम धरायची मागची उलटणारी 'एल' आकाराची साइट जाऊन सरकती आली, सेफ्टीचं बटण जाऊन खटका आला, नळीच्या पुढच्या बाजूला संगीन अडकवायची कडी चढली. हे तिचं आयुष्य आहे. माझ्या एका कार्बाइनची सरकती साइट आधीच्या मालकाने ठोकून काढली होती. खाचेच्या कडेला हातोडीचे तीन घाव आजही दिसतात. ही शुद्धी?

तेलडबी:
तुमच्या हातोडीवाल्याचं पाप माझ्या माथी का? साइट काढायला पुलर नावाचं हत्यार मिळतं.

आता मुद्दा. कडीचा बँड, म्हणजे नळी आणि दस्ता एकत्र धरणारी कडीवाली पट्टी, आला तोच युद्ध संपत आल्यावर. बहुतेक कार्बाइनींवर तो युद्धानंतर चढला. म्हणजे कडीवाली कार्बाइन मांडून खाली 'नॉर्मंडी' (1944 ची चढाई) अशी चिठ्ठी लावणारे खोटारडे, की मी? मी काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवतो. उद्या कुणाला परत बसवायचा तर बसवेल. तुमच्या त्या लाकडी दस्त्याला घासपेपर लागलाय, फुलीसारख्या दोन तोफांचा सरकारी शिक्का पार गेलाय. तो कुठल्या पिशवीत ठेवलात?

गंजका खिळा:
दस्ता मी घासलेला नाही, तसाच आला. दहा वेळा सांगून झालंय.

पितळी बूड:
भागांचं राहू द्या. तुम्ही दोघे मागच्या महिन्यात युद्धकाळातलं 50 काडतुसांचं सीलबंद खोकं फोडून चांदमारीला गेलात आणि फोटोही टाकलेत. साइट परत बसवता येते, पण खोक्याचं सील? कुठल्या लॉटचं होतं ते तरी लिहून ठेवलंत का?

तेलडबी:
काडतूस झाडण्यासाठी असतं. पुजायचं असेल तर देव्हारा करा.

पितळी बूड:
झाडायला आजही नवीन .30 कार्बाइन काडतुसं निघतात. 110 ग्रेन वजनाचीच गोळी. मग जुनंच का फोडायचं? माझ्या सासऱ्यांनी असंच एक खोकं 'दोनच मारू' म्हणून उघडलं. संध्याकाळी राहिली सात. पुठ्ठा ओला होऊन फाटला, त्यावरची छपाई गेली. त्या सात काडतुसांकडे आता कोण बघतंय?

गंजका खिळा:
सासरे आले की वाद संपला, असं असतं का?

नवखी:
मध्येच विचारते. दुकानदार म्हणाले, जुनी काडतुसं म्हणजे नळीला गंज, मारल्यावर उकळतं पाणी ओता. मी ओतलं. चुकलं का?

पितळी बूड:
ताई, पाण्याने बिघडत नाही, लगेच कोरडं करून तेल लावलंत तर. पण अमेरिकन कारखान्यांची .30 कार्बाइन पहिल्यापासून न गंजवणाऱ्या प्रायमरची, म्हणजे बुडातल्या ठिणगीच्या टोपीची, आहे. कारण साधं. बारच्या गॅसने यंत्रणा मागे ढकलणारा पिस्टन नटाने आत बसवलेला, शिपायाने तो रोज सोडवायचा नाही. गंजवणारी टोपी दिली असती तर पिस्टन आतच जाम.

तेलडबी:
सरसकट सांगू नका! बुडावर 'एलसी 52' असा शिक्का असलेली चिनी बनावटीची काडतुसं आहेत, ती गंजवतात. बुडावर नाव लेक सिटी या अमेरिकन कारखान्याचं, माल दुसऱ्याचा. माझा पिस्टन त्यांनीच धरला होता.

पितळी बूड:
मी 'अमेरिकन कारखान्यांची' असंच लिहिलंय. वाचायचा त्रास घेत जा.

तेलडबी:
बूड न वाचता मारली ही माझी चूक, झालं समाधान? पण मग सील फोडू नका म्हणता आणि बूड वाचा म्हणता, हे एकाच वेळी कसं जमवायचं तेही सांगा.

पितळी बूड:
...हे बरोबर आहे. नाइलाजाने म्हणतोय.

नवखी:
आणखी एक. माझी कार्बाइन 'न छेडलेली, युद्धातली' म्हणून घेतली. एल साइट आहे, बटणाची सेफ्टी आहे, कडी नाही. पण नळीवर बँडच्या जरा पुढे राखाडी रंग झिजून एक चकचकीत पट्टा पडलाय. तो कशाचा?

गंजका खिळा:
कडीचा. वर्षानुवर्षं होती तिथे. कुणीतरी 'शुद्ध' करून तुम्हाला अस्पर्श म्हणून विकली. घ्या तेलडबी, हा तुमचा धर्म.

तेलडबी:
विकणारा मी नव्हतो. पण विकताना बदललेल्या भागांची चिठ्ठी द्यायलाच हवी होती, हे मान्य. माझ्या दोन गेल्यात त्यांच्याबरोबर पिशव्याही गेल्या, विचारा कुणालाही.

गंजका खिळा:
आणि तिसरी?

तेलडबी:
तिसरीची पिशवी माझ्याकडे आहे. घेणाऱ्याने मागितली नाही.

गंजका खिळा:
वा! दस्त्यात पट्टा अडकवून ठेवते ती तेलाची डबीच असते म्हणे. इथे डबीच निसटली.

तेलडबी:
विनोद पुरे. नवखी ताई, त्या तिसऱ्या पिशवीत सरकती साइट आणि कडीचा बँड आहे. तुमच्या कार्बाइनचे नाहीत, पण त्याच काळातले आहेत. हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पितळी बूड:
म्हणजे आता हिच्या बंदुकीत आणखी दोन परके भाग!

नवखी:
व्यनि केलाय.