मिठाने तेल विरघळत नाही
आंघोळीच्या पाण्यात सुगंधी तेल (इसेन्शियल ऑइल) कसं घालायचं यावर वर दोघांनी लिहिलंय की बादलीत त्याचे १०-१२ थेंब टाकायचे आणि मूठभर खडेमीठ घातलं की तेल पाण्यात मिसळतं. नाही मिसळत. मीठ विरघळतं, तेल मात्र तवंग होऊन वर राहतं आणि पहिल्याच तांब्याबरोबर न पातळ केलेलं तेल कातडीवर येतं. दालचिनी किंवा लवंगाचं असेल तर हमखास आग होते. दुधानेही फारसा फरक पडत नाही. बादलीच्या आंघोळीत त्यापेक्षा २ चहाचे चमचे तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे ३ थेंब मिसळा, ओलसर अंगाला खांदे-मान-पोटऱ्यांवर चोळा, ५ मिनिटं थांबा आणि मग कोमट पाणी घ्या. कढत पाण्यात वास झटकन उडून जातो. मोरीत फरशी निसरडी होते, खाली खरखरीत पायपुसणं हवंच.

आणि सगळे लॅव्हेंडरवरच अडलेत, पण आपल्या खानदेशातलं रोशा तेल कोणी काढलंच नाही! सातपुड्याकडच्या तिखाडी गवतापासून ते काढतात, नंदुरबार-तळोद्याकडे भट्ट्या लावून काढायचा धंदा जुना आहे. त्यात जिरॅनिऑल हा सुवासिक घटक भरपूर, म्हणून वास गुलाबासारखा येतो. घेताना 'मोतिया' जातीच्या गवताचं मागा; 'सोफिया' जातीत जिरॅनिऑल कमी आणि वास उग्र. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तिळाच्या तेलातलं हेच मिश्रण लावून एक दिवस बघा. बाटली मोरीत ठेवू नका, जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तेल लवकर खराब होतं आणि असं जुनं तेल अंगाला जास्त बाधतं.