मदत हवी आहे: कांचीपुरम दोन दिवस, देवळं आणि खरी कोरवाई साडी

धागाकर्ती:
नमस्कार. नोव्हेंबरात चेन्नईहून कांचीपुरमला जातोय, एक मुक्काम. सोबत आई, वय ७२, गुडघे दुखतात. कैलासनाथर, एकांबरेश्वर, कामाक्षी, वरदराज ही देवळं बघायची आहेत, चालू हातमाग बघायचा आहे, आणि बहिणीच्या लग्नाची एक साडी घ्यायची आहे.
१) कोणत्या वेळी कुठे जावं?
२) कोरवाई (काठ वेगळ्या धाग्याने विणून अंगाला सांधलेली) म्हणून दाखवतात ती खरंच कोरवाई आहे हे दुकानात कसं ओळखायचं?
३) जरीचं काय तपासायचं?

गोपुर_दर्शन:
आधी एक गोष्ट: देवळं दुपारी साधारण बारा-साडेबारा ते चार बंद असतात. माग नेमका त्याच वेळात बघा.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर कैलासनाथर, मग एकांबरेश्वर आणि कामाक्षी. कैलासनाथर शहराच्या पश्चिम टोकाला आहे. राजसिंह पल्लवाने इ.स. ७०० च्या सुमारास वालुकाश्मात बांधलेलं, म्हणून मूर्तींचे कंगोरे झिजलेत. तरी अंगणाभोवतीच्या ५८ छोट्या देवळ्यांमध्ये जुन्या रंगचित्रांचे तुकडे अजून दिसतात. ते कोनाडे निवांत बघा, घाई करू नका. गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणा मात्र इतक्या अरुंद वाटेने आहे की रांगावं लागतं. आईंना तिथे नेऊ नका, त्या अंगणात बसू शकतात.

एकांबरेश्वराचं लिंग पृथ्वीतत्त्वाचं, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. इथले प्रदक्षिणेचे मार्ग लांबलचक आहेत, तेव्हा आईंच्या चालण्याचा हिशेब इथेच करा.

वरदराज विष्णुकांचीत, कैलासनाथरच्या विरुद्ध टोकाला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी. शंभर खांबी मंडपाच्या कोपऱ्यांवर एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या आहेत, मान वर करून बघा. तिथली अत्ती वरदर ही लाकडी मूर्ती मात्र दिसणार नाही. ती मूर्ती तळ्यातून ४० वर्षांनी बाहेर काढतात आणि २०१९ मध्ये काढून झाली.

उन्हात फरशी भाजते, जाड मोजे ठेवा.

ताणाबाणा:
कोरवाईचं उत्तर साडीच्या उलट्या बाजूला आहे. काठ आणि अंग वेगळ्या रंगाचं असतं, तेव्हा अंगाला एक धोटा (आडवा धागा आरपार नेणारं साधन) आणि दोन काठांना एकेक, असे तीन धोटे चालतात. पलीकडचा काठ एका माणसाच्या हातात येत नाही, म्हणून शेजारी मदतनीस बसतो. अंगाचा बाणा (आडवा धागा) आणि काठाचा बाणा सांध्यावर एकमेकांत अडकतात. साडी उलटी करा, सांध्यावर बोट फिरवा: अडकवलेल्या धाग्यांची उंच-सखल रेघ लागते. अंगाच्या रंगाचा बाणा सरळ काठात शिरून काठाचा रंग मळकट दिसत असेल, तर ती कोरवाई नाही.

पदर वेगळ्या रंगाचा असेल तर पेटनी, म्हणजे पदराचा जोड, बघा. नव्या रंगाच्या ताण्याचे (उभे) धागे जुन्या ताण्यात गुंतवून थोडं अंतर दोन्ही एकत्र विणतात, मग जुने कापतात. तिथे कापड जाड लागतं आणि आडवी पट्टी दिसते. दुकानदार तिच्यावर घडी पाडून ठेवतात, उघडायला सांगा. ती पट्टी म्हणजे दोष नाही.

पैठणीच्या काठाची सवय असेल, तर उलटी बाजू सुलटीइतकी साफ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! जरीचं आणि दुकानाचं राहिलं.

ताणाबाणा:
खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चपटी चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो. कडेचा सुटा धागा मागा, नखाने तार खरवडा. आत लाल रेशीम निघालं तर ठीक. पांढरा किंवा प्लॅस्टिकसारखा धागा अथवा तांब्याची लालसर तार निघाली तर ती साधी जर. साधी जर हलकी आणि स्वस्त, घ्यायला हरकत नाही, पण खरीचे पैसे देऊ नका. बिलावर चांदी-सोन्याचं प्रमाण लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली तर उठा. सिल्क मार्कचं लेबल फक्त रेशमाची हमी देतं, जरीची किंवा हातमागाची नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा.

गांधी रोडवर विणकरांच्या सहकारी सोसायट्यांची दुकानं आहेत. तिथूनच सुरू करा. रिक्षावाला आपणहून नेईल ते दुकान टाळा, त्याचं कमिशन तुमच्या बिलात चढतं. माग बघायला पिल्लैयारपाळयम या विणकरांच्या वस्तीत जा. सोसायटीत विचारलंत तर कुणाला तरी सोबत देतात.

गोपुर_दर्शन:
नोव्हेंबराबद्दल एक. ईशान्य मान्सूनचा हा ऐन महिना. खड्डामागांच्या (विणकर पाय खाली सोडून बसतो त्या) खड्ड्यात पाणी झिरपतं, ओलाव्याने ताणा सैलावतो, आणि विणकर काम थांबवतात. चालू माग बघायचाच असेल तर जानेवारीचा शेवट निवडा. त्याआधी महिन्याच्या मध्यात पोंगल असतो, तेव्हाही माग बंद असतात.

धागाकर्ती:
तारीख पुढे ढकलते. लग्न एप्रिलात आहे, फेब्रुवारीपर्यंत साडी हातात येईल.

ताणाबाणा:
ठरलेला रंग हवा असेल तर तयार साडीवर थांबू नका. आत्ताच सोसायटीत रंगाचा तुकडा पाठवून विणायला सांगा. नुसतं विणायलाच दोन-तीन आठवडे जातात, रंगाई आणि ताणा लावणं वेगळं, आणि पावसात तेही लांबतं.