योकोयामा तायकान: चित्रं पाहायची, की विमानंही मोजायची?

शाईगडी
जपानच्या 'निहोंगा', म्हणजे पारंपरिक जपानी साधनांनी काढायच्या चित्रशैलीचा विषय निघाला की चित्रकार योकोयामा तायकानचं (१८६८–१९५८) नाव आधी येतं. माझा आक्षेप १९४० सालाबद्दल आहे. त्या वर्षी त्याने समुद्राची दहा आणि डोंगरांची दहा चित्रं काढली, विकली आणि आलेले पाच लाख येन सैन्याला व नौदलाला विमानांसाठी दिले. विमानांना नाव काय, तर 'तायकान'! त्याने रंगवलेला फुजी पर्वत पाहताना मला हे बाजूला ठेवता येत नाही.

धुकेवाला
नका ठेवू. पण सत्तरी ओलांडल्यावर जे केलं त्यापायी तिशीतलं काम मोडीत का काढायचं? १८९८मध्ये गुरू ओकाकुरांना तोक्योची कलाशाळा सोडावी लागली, तेव्हा तायकाननीही नोकरीवर पाणी सोडलं. मग चित्रकार मित्र हिशिदा शुन्सोला सोबत घेऊन शाईची रेघच टाकून दिली. कोरड्या रुंद ब्रशने रंग नुसते विरवत न्यायचे. समीक्षकांनी 'मोरोताई', म्हणजे धूसर, म्हणून टर उडवली. चित्रं खपेनात. १९०३मध्ये दोघं कोलकात्यात ठाकूर (टागोर) कुटुंबाकडे आले. तायकान कागदावर पाण्याचा ब्रश फिरवतात हे पाहून त्या घरातले चित्रकार अवनींद्रनाथ यांनी अख्खा कागदच पाण्यात बुडवला. बंगालचं वॉश तंत्र, म्हणजे पाणीदार रंग कागदावर विरवण्याची पद्धत, तिथून आलं.

शाईगडी
त्याच ओकाकुरांचं 'आशिया एक आहे' हे वाक्य पुढे युद्धखोरांनी आपलंसं केलं. त्यांचा शिष्य तायकान १९४३मध्ये चित्रकारांच्या देशसेवा संघटनेचा अध्यक्ष झाला. म्हातारपणी वाट चुकली, असं कसं म्हणणार?

काठावरची
दोघंही फुजीत अडकलात. त्यांचे बरेचसे फुजी मला तरी साचेबंद वाटतात. त्यांची १९२३ची चाळीस मीटर लांब, शाईने रंगवलेली चित्रगुंडाळी पाहा. डोंगरातल्या धुक्याचं पाणी होतं, त्याची नदी, मग समुद्र, आणि शेवटी ते ड्रॅगनसोबत आभाळात परततं. १ सप्टेंबरला प्रदर्शन उघडलं आणि त्याच दिवशी कांतोचा महाभूकंप झाला. गुंडाळी वाचली. तायकानचं मोजमाप करायचं तर यावर करा.

धुकेवाला
तेच म्हणतोय. शिवाय त्यांनी रणांगण रंगवलं नाही. समुद्र आणि डोंगरच रंगवले.

शाईगडी
म्हणूनच तर निभावलं! फुजिता या दुसऱ्या जपानी चित्रकाराने तैलरंगात लढाया रंगवल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर सगळा ठपका त्याच्यावर आला आणि १९४९मध्ये त्याने जपान सोडलं. विमानांचे पैसे देणाऱ्याचा मान मात्र तसाच राहिला.